भरती सापडत नाही

बरका. समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना, रात्रपाळी.
दोन चाळीसला हमूदने हाक मारली:
पंपाचा प्रोग्राम पडला.
नवं यंत्र, जुना प्रोग्राम. मूळ कोड कोणाकडेच नाही,
फक्त ही बांधलेली फाइल,
तोंड शिवलेलं पोतं.

मी उसवायला बसले.

पहिले चार बाइट आपण कोण ते सांगतात, पुढे बोलत नाहीत.
मग सूचना: वाचा, चालवा, हात लावू नका.
मग आकडे: हात लावा, चालवू नका.
मग एक भाग, जो फाइलीत नाहीच.
नुसती मागणी आहे,
चार हजार शहाण्णव बाइट मोकळे ठेवा, शून्यांनी सारवून.
पंगतीआधी पानं मांडावीत तसं.

आतली नावं सगळी खरवडलेली.
पण जे बाहेरून मागायचं त्याचं नाव खरवडता येत नाही,
नाहीतर हाक कुणाच्या नावाने मारणार?
यादी उतरत गेले. ओपन. रीड. मॅलॉक.
शेवटून तिसरं:

भरती.

रोमन लिपीत. सहा बाइट आणि एक शून्य.
शेजारी शेरा: इथे नाही, दुसरीकडे बघा.
यंत्राला हा शब्द कळत नाही.
मला कळतो, पण पत्ता मलाही माहीत नाही.

मग संध्याकाळभर चाललं कसं?
तर हा आळशी. ज्याचं काम पडेल
त्याचा पत्ता त्याच वेळी विचारणार.
अडीचनंतर पाणी चढू लागलं,
तेव्हा त्याने भरतीला पहिली हाक मारली.
लिंकर लायब्ररीत गेला. पाटी तीच, बांधणी नवी,
आत भरती कोणी ठेवलीच नव्हती.
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून.

जुनी लायब्ररी कुठे असायची, तेही फाइलीतच कोरलेलं:
होम, तिरकी रेघ, पारकर, तिरकी रेघ, लिब.

शहाबुद्दीन पारकर! आठ वर्षं झाली केळशीला परतून.
मी आले तेव्हा ह्याच ड्रॉवरात त्यांच्या कोकमांची पुडी होती,
दगड झालेली.
नव्या यंत्रावर पारकरांचं घरच नाही,
म्हणून लिंकर पुढच्या दारी गेला
आणि त्याच नावाचं भलतंच घेऊन आला.

तिकडे सव्वाचार. ते नमाजाला उठेपर्यंत थांबले.
तोवर हमूद हाताने झडपा सांभाळत,
दर पाच मिनिटांनी पातळी ओरडत.

"ती डिस्क कधीच भंगारात गेली गो बाय."
मागे कोंबडा.
"पण होतं काय त्यात? वेळ घ्यायची,
नळाच्या तोंडाशी पाणी किती ते द्यायचं.
चंद्राचे चार आकडे आहेत, लिहून घे.
पाचवा कागदावर नव्हता, तिथल्या एका कोळ्याने सांगितलेला:
अमावस्येला वीतभर जास्त धर."
वीतभर म्हणजे किती?
हसले. "मी माझी मोजली. बावीस."

लिहिलं. बांधलं. नाव भरती,
एक अक्षर इकडचं तिकडे नको.
कोणी लिहिलं, कधी लिहिलं, लिंकर विचारत नाही.
नाव जुळलं की पत्ता वहीत मांडतो
आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

मग ज्या यंत्राला त्यांनी कधी हातही लावला नाही
त्यावर त्यांचं घर बांधलं.
होम, तिरकी रेघ, पारकर.
भाडं नाही, व्हिसा नाही,
आत एकच फाइल.

पाच पन्नासला पंपाने पाणी धरलं.
हमूद म्हणाला, दुरुस्त केलंस की नवीन केलंस?
मी म्हटलं, पातळी ओरड.
त्याने ओरडली. स्क्रीनवर तीन सेंटिमीटर कमी.
कॅलेंडर बघितलं. अमावस्याच आज.

तो कोळी उंच असणार.